उघड्या टपाची जुनी मोटार

जुनी वस्तु पारखून घेण्यांत आपण मराठी माणसें कांहीं कच्चीं नाहीं. जुना वाडा घ्यावयाचा असला तर आपण तुळयांना वाळवी लागली आहे कीं काय तें पाहतों. बैल घ्यावयाचा असला तर त्याचे दांत मोजतों. जुन्या बाजारांतलें पितळेचें भांडेंसुद्धां एकदां वाजवून घेतल्याखेरीज पिशवींत टाकीत नाहीं. परंतु त्याच वस्तूला चार चाकें लागलीं, वर तांबडा तकतकीत रंग चढला आणि डोक्यावरचा टप मागें टाकतां आला, कीं भल्याभल्यांचा विवेक त्या टपाबरोबरच मागें पडतो.

आज मला ज्या मोटारीविषयीं बोलावयाचें आहे, ती दोन माणसांची, उघड्या टपाची, चपळ चालीची ब्रिटिश मोटार आहे. एम्.जी.बी. हें तिचें नांव. मी यंत्रशास्त्री नाहीं. एका तालुक्याच्या गांवीं पस्तीस वर्षें मुलांना गणित व शास्त्र शिकवून मी निवृत्त झालों. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतात. त्यांनीं अशी एक जुनी मोटार घेतली, आणि ती नीट करण्याच्या कामीं लागोपाठ दोन उन्हाळे मीं त्यांच्या हाताखालीं पाने उचलून देण्याची नोकरी केली. जें शिकलों त्यांतलें बरेंचसें ठेंच लागून शिकलों; म्हणूनच तें सांगण्याचा थोडासा अधिकार मला पोंचतो असें वाटतें.

प्रथम मोटारीची ओळख करून देतों. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या आद्याक्षरांवरून एम्.जी. हें नांव पडलें. १९२० नंतरच्या दशकांत त्या पेढीचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानें हलक्या व चपळ मोटारी बांधावयास आरंभ केला, आणि १९२९ सालीं हा उद्योग जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गांवीं गेला. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवरहि एम्.जी. नांवाच्या मोटारी दिसतात. परंतु तें नांव आतां शांघाय येथील एका चिनी उद्योगाच्या मालकीचें आहे, आणि त्या मोटारींचा या जुन्या मोटारीशीं नांवापलीकडे फारसा संबंध नाहीं. एम्.जी.बी. ही १९६२ सालीं निघाली आणि १९८० सालीं अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. या अठरा वर्षांत, पक्क्या छताच्या गाड्या धरून, ५ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या व त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेस गेला.

हौशी माणसें आजहि हीच गाडी कां निवडतात, याला कारण आहे. तिचें इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें, बिडाचें आणि अगदीं साधें आहे. बॉनेट उघडलें कीं प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. शिवाय तिचे सुटे भाग अद्याप मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें तर जुने साचे शोधून काढून १९८८ पासून तिचा संपूर्ण नवा सांगाडा बनविण्यास प्रारंभ केला. मालकापेक्षां वयानें वडील असलेली गाडी घ्यावयाची, तर तिचे भाग मिळतात कीं नाहीं हा पहिला प्रश्न असला पाहिजे. जिचे भाग मिळत नाहींत, ती गाडी कितीहि देखणी असली तरी तिनें अंगणांत पुतळा होऊन बसावें हेंच तिच्या नशिबीं असतें.

आतां मुख्य मुद्यावर येतों. उघड्या मोटारीचा जीव कोठें असतो? शाळेंत मी एक साधा प्रयोग करून दाखवीत असें. बुटांची पुठ्ठ्याची पेटी घ्यावी व झांकण लावून तिला पिळून पाहावें. ती पिळली जात नाहीं. झांकण काढून पुन्हां पिळावें. लगेच वांकडी होते. छपराची मोटार ही झांकणाची पेटी, आणि उघडी मोटार ही झांकण काढलेली पेटी. एम्.जी.बी.ला खालीं वेगळी लोखंडी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. मग वरचें छप्पर गेल्यावर पुढचा व मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचें काम कोण करतें? तर दरवाजाखालचे दोन उंबरठे. हे उंबरठे दिसावयास साधे, परंतु आंतून पोकळ व तीन पत्र्यांचे असतात. बाहेर एक पत्रा, आंत एक पत्रा आणि दोहोंच्या मध्यें एक उभा पडदा. जवळजवळ एक टन वजनाची गाडी या दोन पोकळ उंबरठ्यांच्या जोरावर सरळ राहते.

आणि नेमका तेथेंच गंज धरतो. लोखंड, पाणी व हवा हीं तिन्हीं एकत्र आलीं म्हणजे गंज चढतो, हें आपण सर्व जाणतां. त्यांत मीठ मिळालें कीं तो वेगानें वाढतो. कारण मिठाच्या पाण्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सुलभपणें वाहतो, आणि गंजणें ही क्रिया मुळांत त्या प्रवाहाचीच आहे. इंग्लंडांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ जमूं नये म्हणून मीठ पसरतात. तें चाकांबरोबर उडतें, पुढच्या चाकामागच्या कोनाड्यांत चिखलाबरोबर साठतें आणि उंबरठ्याच्या पोकळींत उतरतें. पत्रा आंतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग मात्र शेवटच्या दिवसापर्यंत हंसत असतो.

आमच्या चिरंजीवांची गाडी १९७२ सालची. ती त्यांनीं एका रविवारीं, लख्ख उन्हांत, एका गृहस्थांकडून घेतली. टप खालीं होता. वीस मिनिटें गाडी चालवून पाहिली आणि रक्कम देऊन टाकली. ती रक्कम सूनबाईंच्या स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठीं बाजूला ठेविलेली होती. "वर्षभर थांबूं," असें त्या हंसून म्हणाल्या होत्या. तेव्हांपासून हीं दोघें सुट्टीच्या दिवशीं त्या गाडींतून तासाला सत्तर मैलांच्या वेगानें हिंडत असत.

पुढच्या मे महिन्यांत मी तेथें गेलों. जातांना नातवासाठीं मीं माझा शाळेंतला नालाच्या आकाराचा लोहचुंबक नेला होता. मुलगा सात वर्षांचा. घरांतल्या प्रत्येक वस्तूला चुंबक लावून झाल्यावर तो अंगणांत गेला. थोड्या वेळानें आंत येऊन मला म्हणाला, "आजोबा, तुमचा चुंबक बाबांच्या गाडीला वर चिकटतो, खालीं चिकटत नाहीं." मी म्हणालों, "असें कसें होईल? वर लोखंड आणि खालीं काय लांकूड आहे?" आणि पाहावयास गेलों. दारावर चुंबक घट्ट बसत होता. दाराखालच्या उंबरठ्यावर लावला कीं तो सरळ खालीं पडत होता. मीं बोटाच्या पेरानें तेथें ठोकलें. पत्रा वाजतो तसें तें वाजेना. भिंतीवर ठोकल्यासारखा बद्द आवाज आला. चिरंजीवांनीं स्क्रूड्रायव्हरचें टोंक लावलें, तों बोटभर जाडीचा लांबीचा ढलपा निघून हातांत आला. त्याच्या मागें पत्रा नव्हताच. भोंक होतें, भोकांत कोंबलेला जाळीचा तुकडा होता आणि ओला चिखल होता.

मग आम्हीं गाडी जॅकवर थोडी उचलली. उचलतांच दरवाजा आणि मागचा पत्रा यांमधली फट मिटत गेली आणि दरवाजा उघडेनासा झाला. याचा अर्थ उघड होता. गाडी मध्यभागीं मोडावयास लागली होती. चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. जिच्यांतून आपण बायकोला घेऊन हिंडलों, ती गाडी रंगाच्या व लांबीच्या आधारानें उभी होती, हें त्यांच्या ध्यानीं आलें असावें.

त्या रात्रीं जेवतांना ते म्हणाले, "बाबा, ही जशी मला मिळाली तशीच लांबी भरून, रंग लावून मी दुसऱ्याला देऊन टाकली तर? मला तरी कोणीं सांगितलें होतें?" मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. पस्तीस वर्षें मुलांना सत्याचे धडे दिले. पण आपल्याच मुलाची बुडालेली रक्कम समोर दिसत असतां तोंड उघडणें कठीण जातें, हें मी प्रामाणिकपणें सांगतों. उत्तर सूनबाईंनीं दिलें. त्या म्हणाल्या, "ज्याला विकाल, त्याच्या घरींहि कोणीतरी शेजारच्या जागेवर बसणार आहे." त्यावर पुढें बोलणें झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं गाडीच्या दुरुस्तीची वही घातली.

आतां, जें आम्हीं घेण्यापूर्वीं करावयास हवें होतें, तें क्रमानें सांगतों. उघडी जुनी मोटार नेहमीं ढगाळ दिवशीं, शक्य तर पावसानंतर पाहावी. उन्हांत सर्वच रंग चांगले दिसतात. जातांना लहानसा चुंबक, विजेची बत्ती आणि गुडघ्याखालीं घालावयास जाड कापड न्यावें. रंगाला ओरखडा पडूं नये म्हणून चुंबकाला पातळ फडकें गुंडाळावें. उंबरठे, चाकांवरचे कमानदार पत्रे आणि दरवाजाचे खालचे कांठ तपासावेत. दरवाजाभोंवतालची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. वर अरुंद व खालीं रुंद असेल, तर गाडी वांकली आहे असें समजावें. आंतला गालिचा उचलून जमीन पाहावी. बैठकींच्या मागें, फळीखालीं बॅटरीचे कप्पे असतात. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तेथें बसवीत. हे कप्पे कोणी पाहत नाहीं, आणि म्हणूनच ते कुजलेले सांपडतात.

इंजिन आपण पोंचण्यापूर्वीं गरम करून ठेविलेलें नसावें. बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ऊन लागला तर कारण विचारावें, कारण थंड इंजिनाचे दोष गरम इंजिनांत लपतात. धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळतें. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जातें. इंजिन तापल्यावरहि पांढरी वाफ थांबत नसेल आणि रेडिएटरांतलें पाणी कमी होत असेल, तर पाणी नळकांड्यांत शिरतें. तेलाचें झांकण उघडून आंत पाहावें. तेथें ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका फेस दिसला, तर गाडी थोडथोड्या अंतरावरच चालविली जात असेल, किंवा तेलांत पाणी मिसळत असेल. दुसरें कारण असेल तर खर्च मोठा. तेलाचा दाब दाखविणारा कांटा समोरच असतो. इंजिन चांगलें तापल्यावर रस्त्यावर तो ५० पौंडांच्या आसपास किंवा वर राहावा.

कांहीं गाड्यांना आऱ्यांचीं चाकें असतात. तीं फार शोभिवंत दिसतात. परंतु चाक ज्या दांतेरी तुंब्यावर बसतें, त्याचे दांत झिजतात. गाडी सावकाश पुढें घेऊन लगेच मागें घ्यावी. प्रत्येक बदलाला "टक्" असा आवाज आला, तर दांतांकडे संशयानें पाहावें. टायरची केवळ नक्षी पाहूं नये, वय पाहावें. टायरच्या बाजूस कोरलेल्या अक्षरांच्या शेवटीं चार आंकडे असतात. २३१९ असे आंकडे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. ही पद्धत २००० सालापासूनची. केवळ तीनच आंकडे दिसले तर टायर त्याहूनहि जुना. हौसेची गाडी वर्षांतून थोडीच चालते, म्हणून नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र वाळून गेलेलें असतें.

कागदपत्रांविषयीं एक गोष्ट. इंग्लंडांत मोटारीची वार्षिक तपासणी करावी लागते, आणि अलीकडच्या तपासण्यांचा इतिहास गाडीच्या क्रमांकावरून कोणासहि पाहतां येतो. परंतु ४० वर्षांपूर्वींच्या व फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून या तपासणींतून सूट मिळाली आहे. आमचे चिरंजीव या सुटीवर खूष होते. सूट सरकारनें दिली, गंजानें दिली नाहीं, हें त्यांना मागाहून कळलें. सूट असली तरी इच्छा असल्यास तपासणी करून घेतां येते; घेणाऱ्यानें ती व्यवहारापूर्वीं करून घ्यावी. तसेंच नोंदणीचें पुस्तक हा तेथें मालकीचा पुरावा मानीत नाहींत. म्हणून खरेदीची पावती मागावी आणि पुस्तकांतला क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशीं ताडून पाहावा.

दुरुस्तीला हात घातल्यावर बहुतेक हौशी माणसें ज्या क्रमानें जातात, तो बरोबर उलटा असतो. आधीं रंग, मग नवा टप, मग चामड्याच्या बैठकी, आणि पैसे संपल्यावर ब्रेक! खरा क्रम असा. प्रथम सांगाडा, मग ब्रेक व सुकाणू, मग वीज, मग इंजिन, आणि सर्वांच्या शेवटीं रंग व टप.

उंबरठ्यांचें काम आम्हीं स्वतः केलें नाहीं. शेजारच्या गांवीं एक वृद्ध वेल्डर आहे, त्याच्याकडे गाडी नेली. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि "ही रात्रीं कोठें उभी असते?" एवढेंच विचारलें. त्याचें काम मीं विद्यार्थ्याप्रमाणें पाहिलें. जुना उंबरठा कापण्याआधीं त्यानें दरवाजाच्या चौकटींत लोखंडी आडवी कांब जोडून घेतली. कारण उंबरठा काढल्यावर गाडी आहे त्या स्थितींत राहिली नाहीं, तर नवा उंबरठा वांकड्या गाडीला बसेल आणि ती वांकडी कायमची होईल. दोन्ही बाजू एकदम कापल्या नाहींत. एक बाजू पुरी झाली, दरवाजा लावून फट मोजली, मगच दुसरी घेतली. शेवटीं पोकळ भागांत पातळ मेणाचा फवारा मारला, म्हणजे आंतल्या पत्र्याला हवा व पाणी लागूं नये.

ब्रेकचें काम घरीं झालें. पुढें चकत्यांचे आणि मागें डब्यांचे असे या गाडीचे ब्रेक असतात, आणि पायाचा जोर एका द्रवाच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचतो. हा द्रव हवेंतला ओलावा शोषून घेतो. मग ब्रेक तापले कीं त्यांतल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाहीं. आणि पाय नुसता खालीं जातो. म्हणून दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा. चाकाजवळच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आंतून फुगलेल्या असतात. आमच्या गाडीची एक नळी ब्रेक दाबतांच बेडकाच्या गळ्याप्रमाणें फुगत असे. ती पाहिल्यावर सूनबाई कांहीं न बोलतां आंत निघून गेल्या. सर्व नळ्या त्याच दिवशीं मागविल्या. येथेंच एक इशारा देतों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, क्षणभरहि जाऊं नये. खालीं भक्कम लोखंडी घोड्या लावाव्या, गाडी हालवून पाहावी आणि मगच आंत शिरावें.

विजेच्या बाबतींत जुन्या ब्रिटिश गाड्यांची मोठी अपकीर्ति आहे. माझ्या अनुभवानें तींतली अर्धी तरी अन्यायाची आहे. विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यांतून जातो. जेथें तार पत्र्याला जोडलेली असते तेथें गंज आला कीं दिवे मंद होतात. आम्हीं असे सांधे एकेक करून कागदानें घांसले आणि नवीन कांहीं विकत न घेतां बहुतेक दिवे लागले. मात्र एक ध्यानांत ठेवावें. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडीत, पुढच्या गाड्यांत ऋण टोंक. हें न पाहतां नवें उपकरण जोडलें तर तें तत्काळ जळतें.

इंजिनापैकीं मला सर्वांत मौज वाटली ती त्याच्या दोन कार्ब्युरेटरांची. एस्.यू. जातीच्या या कार्ब्युरेटरांत एक दट्ट्या असतो. इंजिन हवा ओढूं लागलें कीं पोकळीच्या जोरानें तो वर उचलला जातो. त्याच्या खालच्या टोंकाला निमुळती सुई असते व ती पेट्रोलच्या छिद्रांत उतरलेली असते. दट्ट्या जितका वर जाईल, तितकी सुईची बारीक बाजू छिद्रांत येते आणि तितकें पेट्रोल अधिक सुटतें. म्हणजे हवा वाढली कीं पेट्रोल आपोआप वाढतें. दट्ट्यानें एकदम उडी मारूं नये म्हणून वरच्या नळींत पातळ तेल घालतात. तें तेल आटलें कीं गाडी वेग घेतांना अडखळते. आणि घोटभर तेल घातल्यानें जाणारा हा दोष घालविण्यासाठीं लोक इंजिन उतरवितात! दोन्ही कार्ब्युरेटरांनीं सारखी हवा ओढावी लागते. त्यासाठीं रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरून दोहोंचा फुत्कार ऐकावयाचा आणि स्क्रू फिरवून एकसारखा करावयाचा. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा लावण्यासारखेंच तें काम आहे. माझ्या कानाला त्या सवयीचा उपयोग झाला, आणि दोन उन्हाळ्यांत चिरंजीवांनीं माझी एवढ्या एका गोष्टीसाठीं स्तुति केली.

पेट्रोलविषयीं आणखी एक सांगावयाचें. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिसळतात. आपल्याकडे तर तें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मद्यार्कानें मऊ पडतात व चिरतात, आणि गळलेलें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतें. म्हणून नव्या जातीच्या नळ्या घालाव्या. हा खर्च लहान आहे आणि आगीचा धोका मोठा आहे.

शेवटीं टप. नवा टप नेहमीं ऊबदार दिवशीं बसवावा, कारण थंडींत तो आंखडलेला असतो आणि ताणून बसविला तर शिवणींत फाटतो. ओला टप कधींहि घडी करून ठेवूं नये, बुरशी लागते. मागची पारदर्शक खिडकी घडींत चुरगळूं नये म्हणून मध्यें मऊ कापड घालावें. आणि टप कितीहि चांगला असला तरी थोडें पाणी आंत येतेंच. पाऊस पडून गेला कीं गालिचा उचलून जमीन कोरडी करावी. आमच्या घरीं हें काम नातवाकडे आहे.

आपल्या देशांत अशी हौस करणारांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें वेगळे नियम केले. त्या नियमांखालीं नोंदलेली गाडी प्रदर्शनास वगैरे नेतां येते. नित्याच्या ये-जा करण्यास वापरतां येत नाहीं.

आतां हिशेब. दुरुस्तीच्या वहींत मीं पै न् पै मांडली आहे. गाडीच्या किंमतीच्या जवळजवळ दीडपट रक्कम दुरुस्तीस लागली. आणि दोन्ही मिळून जी बेरीज होते, तींत दुसऱ्या कोणीं मनापासून नीट केलेली, सांगाडा शाबूत असलेली गाडी आरंभींच मिळाली असती. म्हणून जुन्या उघड्या मोटारीच्या बाबतींत माझा स्पष्ट सल्ला असा कीं, आपणांस परवडेल तितकी चांगली गाडी घ्यावी. स्वस्त गाडी घेऊं नये. इंजिन वाईट असेल तर चालेल, रंग उडाला असेल तर उत्तम; पण उंबरठे कुजले असतील तर नमस्कार करून घरीं यावें. आणि विक्रेत्यानें चुंबक लावूं दिला नाहीं, तर त्यालाहि नमस्कार करावा.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस गाडी रस्त्यावर आली. वार्षिक तपासणीची सूट असतांहि चिरंजीवांनीं ती करून घेतली. गाडींत जागा दोनच. पहिली फेरी कोणाची, यावर घरांत थोडा वाद झाला. मी म्हणालों, सूनबाईंचा मान पहिला. त्यांचें स्वयंपाकघर अजून तसेंच आहे. त्या म्हणाल्या, "मामंजी, तुम्हीच बसा. मी अगोदर ब्रेक ऐकते." त्या फाटकाशीं उभ्या राहिल्या. आम्ही गल्लीच्या टोंकापर्यंत जाऊन परत आलों. गाडी त्यांच्यासमोर सरळ, आवाज न करतां थांबली. मी दरवाजा उघडला. तो अडला नाहीं. मग मी उतरलों आणि त्या बसल्या.

स्वयंपाकघराचें काम पुढच्या दिवाळीस झालें. लोहचुंबक मात्र नातवानें मला परत दिला नाहीं. "बाबा अजून एक गाडी पाहताहेत," असें तो मला फोनवर हळूच सांगत होता.